पत्ते पॅक करण्यापूर्वी

गेल्या कोजागिरीला आमच्या गटाच्या बैठकीत मी पत्त्यांचा एक डाव मांडला. पैशांऐवजी चिंचोके होते. तरीही एका जुन्या मैत्रिणीने पत्ते हातात घ्यायला साफ नकार दिला. "ताई, मटक्याच्या अड्ड्यांवर आपण मोर्चे काढले. आता तुम्हीच बायकांना जुगार शिकवणार?" तिचा राग खरा होता. त्या रात्री मला तिला नीट उत्तर देता आलं नाही. मसाला दूध पिऊन सगळ्या पांगल्या आणि विषय तिथेच राहिला. हा लेख तिच्यासाठी आहे, आणि तिच्यासारखा प्रश्न मनात येणाऱ्या सगळ्याच मैत्रिणींसाठी.

जुगाराचं मला कोणी सांगायची गरज नाही. माझे वडील गिरणीत होते. पगाराच्या दिवशी ते घरी येण्याआधी आकडा लावून येत, आणि रात्री 'क्लोज' फुटला की आईला काही विचारावं लागत नसे. चाळीच्या जिन्यावर पावलं कशी वाजतात, सदरा खुंटीला अडकवला जातो की कॉटवर फेकला जातो, पाणी मागताना आवाज कसा आहे, यावरून तिला सगळं कळायचं. त्याप्रमाणे ती आम्हा मुलांना शेजारच्या खोलीत पाठवायची किंवा ताट वाढायला घ्यायची. माणूस वाचण्यात माझ्या आईचा हात धरणारं कोणी मी आजवर पाहिलेलं नाही. पण त्या वाचनाचा उपयोग तिने आयुष्यभर एकाच गोष्टीसाठी केला, आलेला राग चुकवण्यासाठी. त्यातून तिने स्वतःसाठी कधी काही मिळवलं नाही. आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकाही हेच सांगतात. "त्यांची चप्पल दारात कशी पडली यावरून मला कळतं, ताई."

ही गोष्ट मला नव्याने दिसली ती एका अगदी अनपेक्षित जागी. दोन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणासाठी मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला गेले होते. बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर मला थोडी उसंत मिळाली. शेजारी एक निवृत्त बाई राहायच्या. त्या दर बुधवारी दुपारी पत्त्यांच्या क्लबात जायच्या. तिथे असे क्लब परवाना घेऊन उघडपणे चालतात. एकदा त्या मलाही घेऊन गेल्या. मला वाटलं, रमीसारखं काही असेल. निघाला पोकर.

पोकर म्हणजे आपल्या तीन पत्तीचा लांबचा भाऊ. ज्या प्रकाराला टेक्सास होल्डम म्हणतात, त्यात प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले मिळतात. मध्ये पाच पत्ते उघडे पडतात, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. आपले दोन आणि मधले पाच मिळून जो उत्तम पाच पत्त्यांचा संच होईल तो आपला. पैसे लावायच्या चार फेऱ्या असतात. रमीत आणि मेंढीकोटात हातातल्या पत्त्यांनीच खेळावं लागतं. इथे समोरच्या सगळ्यांनी पत्ते टाकले तर हातात काही नसतानाही रास आपली होते. म्हणून पत्त्यांइतकंच माणूस वाचणंही महत्त्वाचं ठरतं.

मी बसले ते सर्वांत लहान टेबल होतं. सुरुवातीला दोघांनी सक्तीने लावायची रक्कम एक आणि तीन डॉलर. माझ्या पेन्शनमधले शंभर डॉलर मी वेगळे काढले होते. ते गेले की उठायचं, असा स्वतःशीच नियम केला होता. टेबलावर नऊ जण, त्यात बायका दोन. मी, आणि समोर विणलेली टोपी घातलेल्या सत्तरीच्या एक व्हिएतनामी आजी. त्या शहरात व्हिएतनामी वस्ती मोठी आहे.

पहिला तास मी जवळजवळ काहीच खेळले नाही, नुसती बघत बसले. सिनेमात दाखवतात तसं कोणाचा डोळा लवतो आणि कोणाला घाम येतो, यावरून फारसं काही कळत नाही, हे तिथे लगेच लक्षात आलं. कळतं ते सवयींवरून. कोण किती डाव खेळतो, कोण स्वतःहून रक्कम वाढवतो, कोण नुसता मागे मागे येतो, आणि शेवटी पत्ते उघडले तेव्हा त्याच्याकडे खरोखर काय होतं, एवढं मनात टिपून ठेवायचं. छोट्या रकमेच्या टेबलावर लोक विरंगुळ्यासाठी आलेले असतात. ते आपली सवय लपवत नाहीत आणि बदलतही नाहीत.

तासाभरात मला तीन तऱ्हा दिसल्या. पहिली तऱ्हा कुठल्याही डावाला 'हो' म्हणणाऱ्यांची. दुक्की-सत्ती असली तरी शेवटपर्यंत येणार, कारण समोरच्याकडे काय आहे ते बघितल्याशिवाय त्यांना राहवत नाही. अशा माणसाला थाप मारण्यात अर्थ नाही. तो पत्ते टाकणारच नाही. आपल्याकडे चांगले पत्ते आले की संकोच न करता रक्कम मोठी लावायची, एवढंच त्याच्यापुढे करायचं. दुसरी तऱ्हा सावध लोकांची. एक्के-राजे आल्याशिवाय ते हलत नाहीत. ते गप्प असतात तोवर छोट्या राशी त्यांच्यासमोरून उचलता येतात. पण असा माणूस एकदम रक्कम वाढवतो तेव्हा आपली राजाची जोडीसुद्धा खाली ठेवण्यात शहाणपण असतं. तिसरी तऱ्हा गाजवणाऱ्यांची. दर डावाला रक्कम वाढवायची, मोठ्याने बोलायचं, चकत्या आपटायच्या. त्यांच्याशी चढाओढ करायची नाही. बरे पत्ते धरून शांत बसायचं, त्यांना लावू द्यायचं आणि शेवटी बघायचं.

मैत्रिणींनो, हे काही नवीन नव्हतं. भाजीवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांशी आपण असंच वागत आलो आहोत. ठाण्यात ओरडणारा साहेब बहुधा तक्रार लिहून घेतो, आणि चहा मागवून गोड बोलणारा तीन महिने फिरवतो, हे आमच्या गटातल्या नव्या मुलीलाही ठाऊक आहे. म्हणून वाटलं, हा खेळ तर आपलाच.

तसा तो नव्हता. पुढचा डाव जसा घडला तसा सांगते. माझ्या हातात एक्का आणि राणी होती. मध्ये पडले राणी, नव्वी, चव्वी. राणीची जोडी झाली, सोबत एक्का, म्हणजे भरभक्कम. मी लावलं. गाजवणाऱ्यांपैकी एक मागे आला. पुढची दुक्की. मी पुन्हा लावलं, तो पुन्हा आला. शेवटची तिर्री. रास शंभराच्या आसपास झाली होती. त्याने ऐंशी डॉलरच्या चकत्या एकदम पुढे ढकलल्या, खुर्ची मागे रेलली आणि माझ्याकडे रोखून बघायला लागला. या माणसाला तासाभरात तीन वेळा नुसत्या थापेवर रास उचलताना मी पाहिलं होतं. माझ्या मनात सगळं टिपलेलं होतं. तरी माझे हातपाय गळाले. पोटात तोच जुना गोळा आला, जिन्यावरच्या पावलांचा. मी पत्ते पॅक केले. त्याने हसत आपले पत्ते उघडे केले, गुलाम आणि दश्शी. राजा किंवा अठ्ठी आली असती तर त्याची ओळ लागली असती. ती आली नाही. त्याच्याकडे काहीही नव्हतं. "सॉरी, मॅम," तो म्हणाला. टेबल हसलं.

घरी येऊन लेकीला सांगितलं. तिने कागद घेतला. "आई, मध्ये शंभर होते, त्याने ऐंशी लावले. म्हणजे तू ऐंशी घालून एकशे ऐंशी मिळवणार होतीस. असं तीनदा झालं, आणि त्यात दोनदा तू हरलीस, तर एकशे साठ गेले. एकदा जिंकलीस तर एकशे ऐंशी आले. तीनात एकदा तुझा अंदाज बरोबर असला तरी तू तोट्यात नाहीस."

तीनात एकदा! आणि मी शंभर टक्के खात्रीची वाट बघत होते. त्या रात्री मला झोप आली नाही. पूर्ण खात्री झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा धडा मी कुठे शिकले? सभेत बोलताना, पगारवाढ मागताना, नवऱ्याच्या हिशेबावर शंका घेताना, आपण पुराव्याची केवढी मोठी चळत जमवतो! समोरचा मात्र गुलाम-दश्शीवर ऐंशी लावून मोकळा होतो. मारिया कोनिकोव्हा ही मानसशास्त्र शिकलेली लेखिका मोठ्या खेळाडूकडून पोकर शिकली आणि २०२० साली तिने 'द बिगेस्ट ब्लफ' हे पुस्तक लिहिलं. तिलाही टेबलावर हेच सापडलं. आपण बाई म्हणून नमतं घ्यायला, लोकांना आवडून घ्यायला शिकलो आहोत आणि त्यापायी नको तिथे माघार घेतो. हे वाचलं तेव्हा वाटलं, न्यूयॉर्कची ही विदुषी आणि लालबागच्या चाळीतली मी, दोघींनी एकच संस्कार गिरवला होता.

वाचायचं कसं हे आपल्याला येतं. जे वाचलं त्यावर स्वतःच्या बाजूने वागणं येत नाही. माझ्या मते पत्त्यांच्या टेबलावर शिकण्यासारखी गोष्ट ती आहे.

पुढच्या बुधवारी मी पुन्हा गेले. या वेळी एक गोष्ट आणखी कळली. मी त्यांना वाचते तसे तेही मला वाचत होते, आणि ते वाचन माझ्या चेहऱ्यावरून, वयावरून, शालीवरून आधीच झालेलं होतं. वयस्क बाई, म्हणजे पत्ते असल्याशिवाय पैसे लावणार नाही. त्यामुळे माझ्याकडे खरोखर चांगले पत्ते आले की सगळे भराभर पॅक करायचे आणि मला दहा-बारा डॉलरच मिळायचे. हा त्या समजाचा तोटा. पण तोच समज उलटाही वापरता येतो. दोन सावध खेळाडूंसमोर, हातात काही नसताना, मी शांतपणे तीस डॉलर लावले. दोघांनी मान डोलावून पत्ते टाकले. तुमच्याबद्दल समोरच्याने जे गृहीत धरलं आहे ते तुमच्या हातातलं आणखी एक पान असतं. मात्र ते फार वेळा खेळता येत नाही. एकदा थाप उघडी पडली की लोक मत बदलतात, मग आपल्यालाही चाल बदलावी लागते.

इथे मला स्वतःविरुद्ध एक गोष्ट सांगितली पाहिजे. टोपीवाल्या आजींना मी काय समजले होते? वेळ घालवायला आलेली गरीब म्हातारी. एका डावात आम्ही दोघीच उरलो. माझ्याकडे काही नव्हतं. वाटलं, मोठी रक्कम बघून ही घाबरेल. मी पन्नास डॉलर लावले. त्या क्षणभर थांबल्या, मग तेवढ्याच चकत्या हळूच पुढे सरकवल्या आणि नव्व्यांची साधी जोडी दाखवून रास घेऊन गेल्या. नंतर चहाच्या यंत्रापाशी भेटल्या तेव्हा मोडक्या इंग्रजीत, माझ्याइतक्याच मोडक्या, म्हणाल्या, "पत्ते चांगले आले की तू आपल्या चकत्यांकडे बघतेस. नसले की माझ्याकडे बघतेस."

मी चकित झाले. पुढे कळलं की हे जुनं निरीक्षण आहे. माइक कॅरो या खेळाडूने १९८४ साली खेळाडूंच्या देहबोलीवर एक पुस्तक लिहिलं. माणूस बळकट असला की दुबळेपणाचं सोंग आणतो आणि दुबळा असला की बळाचं, असा त्याचा मुख्य मुद्दा. मला 'रोखून बघणारा' ऐंशी डॉलरचा माणूस आठवला. आणि आजींसमोर मीही तेच करत होते! पण मला जास्त लागलं ते वेगळंच. पुरुष मला वयावरून आणि बाईपणावरून वाचतात म्हणून मी चिडले होते, आणि समोर बसलेल्या बाईला मीही तसंच वाचलं होतं.

आणखी एक गोष्ट टेबलावरच्या जुन्या लोकांकडून कळली. पैसे पुढे सरकवताना एखाद्याचा हात थरथरला तर नवशिक्यांना वाटतं, हा घाबरलाय, थाप मारतोय. अनुभव उलटा आहे. फार चांगले पत्ते आले की अंगातला ताण सुटतो आणि हात कापतो. हे ऐकून मला आमच्या केंद्रातल्या किती तरी दुपारी आठवल्या. जबाब देताना बाईचा आवाज कापला, तारीख सांगताना ती अडखळली, की लिहून घेणारा पेन थांबवतो आणि आमच्याकडे अर्थपूर्ण नजरेने बघतो. थरथर म्हणजे खोटेपणा, हे वाचन कोणी ठरवलं? आणि खरं सांगायचं तर कधी कधी आपणही मनातल्या मनात तसंच वाचतो. न रडणारी बाई आपल्याला 'तयारीची' वाटते. चेहऱ्यावरून निकाल लावण्याआधी तासभर गप्प बसून बघावं, हे पथ्य आपल्या केंद्रांनाही लागू आहे.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. हा जुगारच आहे. क्लब प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घेतो, त्यामुळे छोट्या टेबलावर बसणाऱ्यांपैकी बहुतेकजण दीर्घकाळात हरतातच. मीही चार महिन्यांत जिंकले त्यापेक्षा जास्त हरले. आपल्याकडे तर याचा इतिहास काळाच आहे. द्यूतसभेत द्रौपदी पणाला लागली, खेळायला बसली नव्हती. तिचा प्रश्न, 'आधी स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावायचा अधिकार कुठून आला', आजही घराघरात अनुत्तरित आहे. मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटी असोत, की मोबाइलवरची रमी आणि पोकर असो, कर्ज काढून खेळणाऱ्यांच्या बायका आमच्या केंद्राने पाहिल्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा त्यातल्या काहीजणींनी सुटकेचा श्वास सोडला. बायकांनी कॅसिनोत जावं, असं मी म्हणत नाही. म्हणून तर चिंचोके.

'हिंमत धरा, पत्ते टाकू नका' असा उपदेशही मला करायचा नाही. टेबलावर नियम सर्वांना सारखे असतात, आणि वाटेल तेव्हा उठून जाता येतं. मार खाणाऱ्या बाईला तसं उठता येत नाही. तिच्या डावात मुलं, छप्पर आणि जीव लागलेला असतो. ती गप्प बसते तेव्हा ती भित्री असते असं नाही. पुष्कळदा तिने आपला डाव अचूक वाचलेला असतो.

पण म्हणूनच छोट्या रकमेचं महत्त्व मला वाटतं. मुलगे गल्लीत गोट्यांपासून हरायला शिकतात. गोट्या गेल्या तर उद्या दुसऱ्या मिळतात. आपल्याला चूक करायला अशी स्वस्त जागा कुठे मिळते? आपली पहिली चूक लग्नात होते, नाहीतर नोकरीत, आणि ती आयुष्यभर फेडावी लागते. मग आपण प्रत्येक डाव पॅक करत जातो यात नवल काय! पोकरच्या सर्वांत मोठ्या, लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत १९९५ साली बार्बरा एनराइट अंतिम टेबलावर पोचली. तिथे पुन्हा एक बाई, लिओ मार्गेट्स, पोचायला २०२५ उजाडलं. तीस वर्षं! बायकांना माणूस वाचता येत नाही, असं यावरून कोण म्हणेल? ॲनेट ओब्रेस्टाड ही नॉर्वेची मुलगी तर अठराव्या वर्षी, २००७ साली, लंडनची मोठी स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी तिने इंटरनेटवरची एक छोटी स्पर्धा, एका डावाचा अपवाद सोडला तर, स्वतःचे पत्ते न बघता जिंकून दाखवली. केवळ समोरच्यांच्या चाली वाचून. ती स्पर्धा चार डॉलरची होती. अशी करामत करून बघायला चार डॉलरची जागा लागते.

कोजागिरीच्या डावात एक गोष्ट घडली, ती सांगून थांबते. आमच्यातली सर्वांत खणखणीत बोलणारी कार्यकर्ती, जिच्या आवाजाने ठाण्यातले हवालदार उठून उभे राहतात, तिने राजांची जोडी हातात असताना पत्ते पॅक केले. समोरचीने दहा चिंचोके पुढे सरकवले होते, एवढंच. पत्ते उघडल्यावर ती स्वतःच अवाक झाली. "अगं, मी का टाकले?" असं म्हणून बराच वेळ आपल्या हाताकडे बघत राहिली. पुढचा डाव तिने सोडला नाही. हरली, बारा चिंचोके गेले, आणि खळखळून हसली.

पुढच्या शिबिरात मी पुन्हा चिंचोके घेऊन येणार आहे. नकार देणाऱ्या मैत्रिणीला एवढीच विनंती, खेळू नकोस, पण पहिला तासभर शेजारी बसून बघ.